ज्यूंना वाचवणारे ज्यू: ब्नाइ ब्रिथच्या मानपत्राबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होलोकॉस्टच्या, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या हत्याकांडाच्या, काळात जीव वाचवणाऱ्या माणसांवर कुठेही बोलायला गेलं की पहिला प्रश्न आपल्या कारखान्यातल्या ज्यूंना वाचवणाऱ्या जर्मन उद्योगपती शिंडलरचा येतो आणि दुसरा कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या पोलिश कॅम्पचा. मी ज्यांच्याबद्दल बोलायला गेलेली असते त्यांची पाळी बरीच उशिरा येते. ही माणसं स्वतः ज्यू होती, त्यांच्या स्वतःच्या नावाचा वॉरंट निघालेला होता, आणि तरीही ती दुसऱ्या ज्यूंना बाहेर काढत होती. चिठ्ठ्यांवर, फोनवर, चहाच्या वेळी कोपऱ्यात गाठून विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. साधे आधी आहेत, अडचणीचे नंतर.

१. ब्नाइ ब्रिथ ही नेमकी कसली संस्था आहे? धार्मिक की सामाजिक?

सामाजिक. १३ ऑक्टोबर १८४३ रोजी न्यूयॉर्कच्या एसेक्स स्ट्रीटवरच्या एका कॅफेत जर्मनीहून आलेले बारा ज्यू स्थलांतरित जमले आणि हेन्री जोन्स यांच्या पुढाकाराने त्यांनी ती स्थापन केली. पहिली कामं अगदी घरगुती होती: सभासद वारला तर बायकोला आधार, पोरक्या मुलांची सोय, आजाऱ्याची विचारपूस. रचना लॉजची, म्हणजे गावोगावच्या शाखांची. पुढे अनाथाश्रम, दवाखाने, आपत्तीतली मदत असा पसारा वाढला. ज्यूद्वेषाविरुद्ध काम करणारी अँटी-डिफेमेशन लीग १९१३ साली याच संस्थेतून निघाली. मुख्यालय वॉशिंग्टनमध्ये आहे.

एक गोष्ट मात्र बहुतेकांना ठाऊक नसते. जर्मनीतही तिच्या अनेक शाखा होत्या आणि १९३७ साली नाझींनी त्या बंद करून मालमत्ता जप्त केली. तिथले शेवटचे अध्यक्ष राबाय (ज्यू धर्मगुरू) लिओ बेक पुढे टेरेझिनच्या छावणीत गेले आणि जिवंत परतले. आज बचावकर्त्यांचा गौरव करणारी ही संस्था त्या काळाची नुसती साक्षीदार नाही, तिच्या अंगावरही ते वार आहेत.

२. उच्चार कसा करायचा? आणि आपल्याकडच्या बेने इस्रायलींशी काही नातं?

"ब्नाइ ब्रिथ". हिंदी "बनाई" नव्हे. एका निमंत्रणपत्रिकेत मी तसं छापलेलं पाहिलं आहे. संस्था म्हणून नातं नाही, शब्दांचं मात्र आहे. हिब्रूत "ब्ने" म्हणजे मुलं. बेने इस्रायल म्हणजे इस्रायलची मुलं, आणि ब्नाइ ब्रिथ म्हणजे कराराची मुलं. करार तोच, ज्याच्यावरून मराठी बायबलात "जुना करार" म्हणतात. रायगडच्या किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालवणाऱ्या शनवार तेल्यांच्या, म्हणजे बेने इस्रायलींच्या, नावात आणि न्यूयॉर्कच्या कॅफेत ठरलेल्या नावात एकच शब्द बसलेला आहे.

३. हे मानपत्र काय आहे? कोणी सुरू केलं?

इंग्रजीतलं नाव "ज्यूइश रेस्क्यूअर्स सायटेशन". २०११ साली ब्नाइ ब्रिथच्या जेरुसलेममधल्या जागतिक केंद्राने आणि एका छोट्या समितीने मिळून ते सुरू केलं. होलोकॉस्टमध्ये ज्या ज्यूंनी ज्यूंना वाचवलं त्यांच्या शौर्याची दखल घ्यावी, एवढंच त्या समितीचं काम. ती २००० साली हाइम रूट यांनी स्थापन केली होती. रूट अ‍ॅमस्टरडॅममध्ये जन्मले आणि लहानपणी हॉलंडच्या नीउलांडे या खेड्यात लपून वाचले. त्या खेड्यात मुलांना घरोघरी पोचवणाऱ्यांत आर्नोल्ड डाउवेस होता, तो ज्यू नव्हता, आणि मॅक्स लेऑन्स होता, तो ज्यू होता. दोघं बरोबर सायकली मारत फिरायचे. एकाला पुढे मोठा सन्मान मिळाला (याद वाशेमचा, पुढचा प्रश्न पाहा), दुसरा त्या सन्मानाच्या नियमातच बसत नव्हता. समिती कशासाठी हवी होती हे कळायला एवढं पुरतं.

आतापर्यंत फ्रान्स, हंगेरी, ग्रीस, हॉलंड, स्लोव्हाकिया, पोलंड, इटली अशा अनेक देशांतल्या काहीशे लोकांना ते दिलं गेलं आहे. बहुतेकांना मरणोत्तर, घ्यायला मुलं नाहीतर नातवंडं येतात.

४. पण याद वाशेम असा सन्मान देतंच ना? मग दुसरा कशाला?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

याद वाशेम ही इस्रायलची होलोकॉस्ट स्मारक संस्था, १९५३ च्या कायद्याने स्थापन झालेली. तिचा "राइचस अमंग द नेशन्स" (इतर राष्ट्रांतले नीतिमान) हा सन्मान १९६३ पासून एक आयोग ठरवतो. पहिले अध्यक्ष न्यायमूर्ती मोशे लांडाउ होते, नंतर बरीच वर्षं न्यायमूर्ती मोशे बेस्की. हे बेस्की स्वतः शिंडलरच्या यादीतले. आजवर २८ हजारांहून अधिक लोकांना हा सन्मान मिळाला, त्यांत पोलंडचे सात हजारांच्या वर. पण पहिलीच अट अशी की वाचवणारा ज्यू नसावा.

आता अ‍ॅमस्टरडॅमच्या एका रस्त्यावर चला. प्लांटाजे मिडनलान. १९४२ पासून नाझींनी तिथल्या नाट्यगृहात ज्यू कुटुंबांना आणून कोंडायला सुरुवात केली. तिथून पुढे वेस्टरबोर्कची तात्पुरती छावणी आणि मग पूर्वेकडच्या छावण्या. लहान मुलांचा गोंगाट नको म्हणून त्यांना समोरच्या पाळणाघरात ठेवलं जायचं. नाट्यगृहाची व्यवस्था पाहायला ज्यू कौन्सिलने (नाझींनी आपले हुकूम राबवायला ज्यूंचंच बनवलेलं मंडळ) नेमलेला माणूस होता वॉल्टर झ्युसकिंड, जर्मनीतून पळून आलेला ज्यू. पाळणाघराच्या प्रमुख हेन्रिएट पिमेंटेल, त्याही ज्यू. पाळणाघराला लागून शिक्षक घडवणारं अध्यापक विद्यालय होतं, त्याचे प्रमुख योहान फान हुल्स्ट, प्रॉटेस्टंट ख्रिश्चन.

झ्युसकिंड नोंदवहीतून मुलाचं नाव गायब करायचा. त्यासाठी आधी आईबापांना विचारावं लागे, आणि ते विचारणं काय असेल याची कल्पनाही करवत नाही. हो म्हटलं तर काही आया गाडीत चढताना दुपट्यात बाहुली गुंडाळून न्यायच्या, म्हणजे मोजणीत तान्हं मूल कमी पडू नये. पिमेंटेलबाई आणि त्यांच्या तरुण मुली मुलांना मागच्या बागेच्या कुंपणावरून विद्यालयाच्या बाजूला द्यायच्या. पलीकडे फान हुल्स्ट आणि विद्यार्थी ती घ्यायचे, पिशवीतून, कपड्यांच्या टोपलीतून बाहेर काढायचे. ट्राम मध्ये येऊन समोरच्या पहारेकऱ्याची नजर अडली की तेवढ्या क्षणात मूल घेऊन चालू पडायचं. सुमारे सहाशे मुलं अशी वाचली.

पिमेंटेल १९४३ साली आउशवित्झमध्ये मारल्या गेल्या. झ्युसकिंडची बायको आणि लहान मुलगी गेली आणि १९४५ च्या सुरुवातीला तोही गेला. फान हुल्स्ट १०७ वर्षं जगले, २०१८ साली वारले, आणि याद वाशेमचा सन्मान त्यांना मिळाला, पूर्णपणे योग्यच. पण कुंपण एकच होतं. मूल देणारे हात एका नियमात बसले नाहीत, घेणारे हात बसले. ब्नाइ ब्रिथचं मानपत्र कुंपणाच्या अलीकडच्या हातांसाठी आहे.

५. याद वाशेम ज्यूंना का वगळतं? हा अन्याय नाही का?

मला तो अन्यायापेक्षा एका जुन्या निर्णयाचा परिणाम वाटतो. कायद्याच्या मजकुरातच "इतर राष्ट्रांतले नीतिमान" असे शब्द आहेत, त्यामुळे सन्मानाची व्याख्याच ज्यूंच्या बाहेरची आहे. १९५० च्या दशकातल्या इस्रायलला जगाला सांगायचं होतं की सगळा युरोप गप्प बसला नव्हता, आणि जे गप्प बसले नाहीत त्यांचे आभार मानायचे होते. आभार परक्याचे मानतात, घरच्याचे नाही.

दुसरा युक्तिवाद धर्मातून येतो: "सगळे इस्रायली एकमेकांना जामीन आहेत" हे ज्यू परंपरेतलं जुनं वचन. भावाला वाचवणं ही जबाबदारीच, मग पदक कसलं? (यावर प्रश्न ८ पाहा.) तिसरं कारण व्यवहाराचं. घेटोत, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्त्यांत, जवळजवळ प्रत्येकाने कुणाला तरी भाकरीचा तुकडा दिला होता, कुणाला तरी लपवलं होतं. रेघ कुठे मारायची?

गंमत म्हणजे याद वाशेमच्या या विभागाचे अनेक वर्षं प्रमुख असलेले मॉर्डेकाय पाल्डिएल हेच पुढे ज्यू बचावकर्त्यांच्या बाजूने आग्रहाने लिहू-बोलू लागले. आयुष्यभर फायली पाहताना कुंपणाची दुसरी बाजू त्यांनाही दिसत असणार.

६. शिंडलरला या संस्थेने मानपत्र दिलं होतं का?

नाही. शिंडलर ज्यू नव्हता, त्याचा सन्मान याद वाशेमचा. औपचारिक मान्यता १९९३ ची. या दोन गोष्टी एक समजू नका.

७. स्वतःच लपून राहणारा माणूस दुसऱ्याला कसं वाचवणार? नेमकं काय करायचे हे लोक?

मुख्य काम कागदांचं. त्या काळी जगणं आणि मरणं ओळखपत्रावरच्या एका शिक्क्यावर होतं. पॅरिसमध्ये अडोल्फो कामिन्स्की नावाचा विशी न ओलांडलेला मुलगा होता. रंगाऱ्याकडे उमेदवारी करताना शाई कशी काढायची हे तो शिकला होता, आणि तेच कौशल्य खोटी कागदपत्रं बनवायला कामी आलं. तासाला तीस कागद होतात, म्हणजे तासभर झोपलो तर तीस माणसं मरतील, असा हिशेब तो करायचा. बुडापेस्टमध्ये झायोनिस्ट (ज्यूंचा स्वतःचा देश हवा म्हणणाऱ्या) तरुणांनी १९४४ मध्ये बनावट संरक्षणपत्रांची अख्खी कार्यशाळाच थाटली होती. सतत जागा बदलत, यंत्रं सुटकेसमधून नेत. त्याच शहरात ओटो कोमोय यांनी रेड क्रॉसच्या छत्राखाली मुलांसाठी घरं उघडली आणि हजारो मुलं त्यांत राहिली. रशियन फौजा शहरात शिरायला थोडे दिवस उरले असताना, जानेवारी १९४५ मध्ये, हंगेरीतल्या नाझी टोळीने कोमोय यांना नेऊन मारलं.

दुसरं काम सीमेचं. फ्रान्समधले जॉर्ज लुआंजे हे व्यायामशिक्षक. स्वित्झर्लंडच्या सीमेला लागून असलेल्या आनमास गावात ते मुलांना घेऊन चेंडू खेळायचे. चेंडू सीमेकडे फेकायचा, मुलांनी धावायचं आणि परत यायचं नाही. अशा युक्त्यांनी त्यांनी साडेतीनशेच्या आसपास मुलं पलीकडे पोचवली आणि १०८ व्या वर्षी वारले. त्यांचा एक मामे-चुलत भाऊही या कामात होता, मुलांना गप्प ठेवायला हातवाऱ्यांनी खेळवायचा. तो म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेला मूकनाट्य कलावंत मार्सेल मार्सो.

तिसरं काम ऐकायला साधं वाटतं: वेळेवर सांगणं. ग्रीसमधल्या वोलोसचे राबाय मोशे पेसाख यांना सप्टेंबर १९४३ मध्ये जर्मन अधिकाऱ्यांनी समाजाची यादी मागितली. त्यांनी थोडी मुदत मागून घेतली आणि थेट बिशप योआकिम यांना गाठलं. बिशपने चौकशी करून सांगितलं, निघा, आणि डोंगरातल्या गावच्या धर्मगुरूंना द्यायची चिठ्ठी हातात दिली. वोलोसचे बहुतेक ज्यू डोंगरात गेले आणि वाचले. त्याच देशात सलोनिकाच्या ज्यू समाजाचं काय झालं (जवळजवळ सगळे मारले गेले) ते वाचलं की या मुदतीची किंमत कळते. बिशपना याद वाशेमचा सन्मान मिळाला. राबायचं काय, याचं उत्तर प्रश्न ४ मध्ये आहे.

८. आपल्याच माणसांना वाचवणं हे कर्तव्य झालं. त्यात कौतुक काय?

हा प्रश्न विचारणारे बहुधा चांगल्या मनाने विचारतात, म्हणून चिडत नाही. पण मग मारियान कोनची गोष्ट सांगते.

मॅनहाइममध्ये जन्मलेली, फ्रान्समध्ये आलेली ज्यू मुलगी. ३१ मे १९४४ रोजी तीसेक मुलांना घेऊन स्वित्झर्लंडकडे जाताना आनमासजवळ पकडली गेली. तुरुंगातून तिला पळवून न्यायची तयारी साथीदारांनी केली होती. ती नाही म्हणाली. आपण गेलो तर सूड मुलांवर उगवला जाईल. जुलैच्या सुरुवातीला तिला बाहेर नेऊन मारलं. वय २१. मुलं वाचली, कारण गावचे मेयर झां देफो यांनी जर्मनांशी घासाघीस करत त्यांना जपलं. देफो यांना याद वाशेमने गौरवलं.

कर्तव्य तर तिनेही केलं असंच ती म्हणाली असती. पण ज्यू नसलेल्या माणसाला निदान घरात गप्प बसून राहायचा पर्याय होता. तिला गप्प बसूनही जीव वाचेल याची खात्री नव्हती, तरी स्वतःपुरती सीमा ओलांडायची संधी होती, एकदा नव्हे, अनेकदा. दर वेळी ती मुलांना पोचवून परत फिरली.

९. मग इतकी वर्षं यांच्याबद्दल कुणी बोललं का नाही?

सुरुवातीच्या इस्रायलला बंदूक घेतलेला ज्यू हवा होता. स्मरणदिनाचं पूर्ण नावच "होलोकॉस्ट आणि शौर्य स्मरणदिन" असं आहे आणि तारीख वॉर्सा घेटोच्या उठावाच्या आठवणीशी जोडून ठरवली गेली. शौर्य म्हणजे लढणं. शिक्का मारणं, मुलाचा हात धरून ट्रामच्या आडून चालणं हे त्यात बसेना.

आणि ती माणसंही बोलली नाहीत. ज्याने तीनशे वाचवले त्याला न वाचवलेले दिसत राहतात. अनेकांच्या मुलांना वडिलांनी काय केलं हे वडील गेल्यावर कपाटातल्या कागदांतून कळलं.

१०. निकोलस विंटनना कोणता सन्मान मिळाला? ते ज्यू की ख्रिश्चन?

अडचणीचे प्रश्न इथून सुरू होतात. विंटन यांनी १९३९ मध्ये प्रागहून ६६९ मुलं लंडनला आणण्याची व्यवस्था केली. आईवडील जर्मन ज्यू वंशाचे, पण त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता आणि मुलाचाही बाप्तिस्मा झाला होता. चर्चच्या दृष्टीने ख्रिश्चन, नाझींच्या वंशकायद्याने ज्यू. मूळ ज्यू असल्यामुळे याद वाशेमचा सन्मान त्यांना लागू झाला नाही. ब्रिटनने "सर" केलं, चेक प्रजासत्ताकाने सर्वोच्च पदक दिलं, त्यामुळे त्यांची उपेक्षा झाली असं काही म्हणता येत नाही. पण ओळखीच्या रकान्यात काय लिहायचं हा प्रश्न किती निसरडा आहे ते या एका उदाहरणात दिसतं.

११. ज्यू कौन्सिलमध्ये काम करणाऱ्यांचं काय? ते नाझींना सामील नव्हते का?

सरसकट उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. प्रश्न ४ मधला झ्युसकिंड कौन्सिलचाच नोकर होता. बाहेरून पाहणाऱ्याला तो पाठवणीची व्यवस्था पाहणारा माणूस दिसायचा, एसएसच्या (नाझींच्या सशस्त्र संघटनेच्या) अधिकाऱ्यांशी हसून बोलणारा. लोकांनी त्याला शिव्याही दिल्या असतील. त्याच हसण्याच्या आडोशाने मुलं बाहेर जात होती.

सगळ्यात कठीण नाव रुडॉल्फ कास्टनर, हंगेरीतला ज्यू पुढारी. १९४४ मध्ये त्याने बुडापेस्टमध्ये ज्यूंची पाठवणी चालवणारा एसएस अधिकारी आइखमन याच्याशी सौदा केला आणि १,६८४ लोकांची एक आगगाडी अखेर स्वित्झर्लंडला पोचली. बाकी लाखो लोक आउशवित्झला जात होते तेव्हा कास्टनरला काय ठाऊक होतं आणि त्याने लोकांना काय सांगितलं नाही, यावर इस्रायलमध्ये खटला उभा राहिला. १९५५ मध्ये न्यायाधीशांनी "त्याने आपला आत्मा सैतानाला विकला" असं म्हटलं. मार्च १९५७ मध्ये तेल अवीवमध्ये त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि तो गेल्यावर, १९५८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने तो ठपका बहुतांशी पुसला. त्या गाडीतून वाचलेल्यांची नातवंडं आज आहेत. गाडीत जागा न मिळालेल्यांची नाहीत, त्यामुळे ती बाजू मांडायला माणसंच कमी आहेत. मी दोन्ही बाजू वाचल्या आहेत आणि निकाल द्यायचं मी टाळते.

१२. बंदूक घेऊन लढलेले या यादीत येतात का?

लढणं आणि वाचवणं वेगळं धरलं जातं. मात्र काहींनी दोन्ही केलं. बेलारूसच्या नालिबोकी जंगलात तुविया बिएल्स्की आणि त्याच्या भावांनी तळ उभारला, त्यात म्हातारे, बायका, मुलं सगळ्यांना घेतलं. दहा जर्मन मारण्यापेक्षा एक म्हातारी ज्यू बाई वाचवणं मोलाचं, असा तुवियाचा दंडक होता. जवळपास बाराशे लोक त्या जंगलातून जिवंत बाहेर पडले.

१३. पैसे घेऊन लपवलं असेल, किंवा वाचवायचा प्रयत्न फसला असेल तर?

याद वाशेमच्या नियमांत पैसा हाच हेतू असेल तर सन्मान नाही. लपलेल्या माणसाच्या जेवणखाणाचा खर्च घेतला तर तो वेगळा धरतात. फसलेला प्रयत्न मात्र बाद होत नाही. पोलंडच्या मार्कोवा गावात उल्मा कुटुंबाने आठ ज्यूंना आसरा दिला होता. २४ मार्च १९४४ रोजी जर्मनांनी ते आठही जण आणि युझेफ, गरोदर विक्टोरिया आणि त्यांची सहा मुलं मारली. १९९५ मध्ये त्या दांपत्याला सन्मान मिळाला.

१४. मुस्लिम बचावकर्तेही आहेत का?

आहेत. अल्बानियातली अनेक मुस्लिम कुटुंबं याद वाशेमच्या यादीत आहेत. डॉ. मोहम्मद हेल्मी हे बर्लिनमधले इजिप्शियन डॉक्टर, त्यांनी अ‍ॅना बोरोस या ज्यू मुलीला लपवलं. २०१३ मध्ये यादीत आलेले ते पहिले अरब. कुटुंबाने इस्रायलकडून काही घ्यायला आधी नकार दिला, २०१७ मध्ये बर्लिनमध्ये एका नातेवाइकाने ते स्वीकारलं. ब्नाइ ब्रिथच्या मानपत्राशी याचा संबंध नाही, ते फक्त ज्यूंसाठी.

१५. आमच्या कोल्हापूरच्या वळिवड्याला हा सन्मान का नाही?

कोल्हापुरात हा प्रश्न विचारला नाही असं कधी झालं नाही. उत्तर ऐकून मंडळी जरा खट्टू होतात.

वळिवड्याच्या कॅम्पमध्ये १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले, बहुतेक बायका आणि मुलं, बहुतेक कॅथलिक. त्यांना सैबेरियात नेलं होतं ते सोव्हिएत सरकारने. गुजरातेत बालाचडीला नवानगरच्या जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी सांभाळलेली पोलिश मुलंही याच वाटेने आलेली. म्हणजे संकट वेगळं, आणि आसरा देणाऱ्याच्या जिवाला धोकाही नव्हता. दोन्ही सन्मानांच्या चौकटीबाहेरची ही गोष्ट.

त्याने ती लहान होत नाही. पोलंड ती विसरलेला नाही: वॉर्सात जामसाहेबांच्या नावाचा "चांगल्या महाराजांचा चौक" आहे आणि वळिवडे-कोल्हापूर कॅम्पचं स्मारकही. पण प्रत्येक चांगल्या कामाला एकाच पदकाने मोजायचा आग्रह कशाला?

१६. मग भारतात ज्यूंनी ज्यूंना मदत केलीच नाही का?

केली, आणि मुंबईत केली. १९३४ साली तिथे ज्यूइश रिलीफ असोसिएशन स्थापन झाली. जर्मनी-ऑस्ट्रियातून येऊ पाहणाऱ्यांना ब्रिटिश सरकार हमी मागायचं, की हा माणूस सरकारवर ओझं होणार नाही. ती हमी, नोकरीची खटपट, पहिल्या महिन्यांचं भाडं हे काम या मंडळींनी अंगावर घेतलं.

१९३९ मध्ये युद्ध लागलं आणि विचित्र प्रकार झाला. जर्मन पासपोर्ट म्हणजे शत्रू, म्हणून हिटलरपासून पळून आलेल्या ज्यूंनाही नाझी जर्मनांच्या सोबत अहमदनगरच्या कॅम्पात डांबलं गेलं. काही कुटुंबं नंतर पुरंदरला ठेवली होती. त्यांना सोडवायची धावपळ पुन्हा याच असोसिएशनने केली. आलेल्यांनी मुंबईला काय दिलं याचा एक नमुना रेडिओ ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या कानात आहे: आकाशवाणीची ती सकाळची धून प्रागहून आलेल्या वॉल्टर काउफमान यांची.

मुंबईतल्या मदत करणाऱ्यांच्या गळ्यापर्यंत गेस्टापो, म्हणजे नाझींचे गुप्त पोलीस, पोचलेले नव्हते, त्यामुळे हे काम मानपत्राच्या चौकटीत बसेल असं मला वाटत नाही. मुंबईच्या इतिहासात मात्र त्याला आजच्यापेक्षा जास्त जागा हवी.

१७. समारंभ कधी, कुठे होतो? बाहेरच्यांना पाहता येतो का?

होलोकॉस्ट स्मरणदिनी, म्हणजे हिब्रू पंचांगातल्या निसान महिन्याच्या २७ तारखेच्या सुमारास, साधारण एप्रिल-मेमध्ये. जेरुसलेमच्या पश्चिमेला डोंगरात "हुतात्म्यांचं वन" आहे, बळी गेलेल्या साठ लाखांच्या नावे झाडं लावून केलेलं. त्यातल्या "अग्निपट" या कांस्यशिल्पाच्या चौकात ब्नाइ ब्रिथ आणि ज्यू राष्ट्रीय निधी मिळून दर वर्षी कार्यक्रम करतात. शिल्प नाथान रापोपोर्ट यांचं, दोन उभ्या गुंडाळ्यांसारखं, आठ मीटर उंच. सरकारी समारंभ ज्यूंच्या मृत्यूचा असतो, हा एकच कार्यक्रम खास ज्यू बचावकर्त्यांचा. शाळेची मुलं आणि सीमा पोलिसांचे प्रशिक्षणार्थी समोर बसलेले असतात. मानपत्रं मात्र फक्त इथेच देतात असं नाही, वर्षभर वेगवेगळ्या देशांत छोट्या कार्यक्रमांतही दिली जातात.

इस्रायलला जाणाऱ्या मराठी मंडळींचा कार्यक्रम याद वाशेम करून मृत समुद्राकडे वळतो. हे वन वाटेत नाही, वेगळी गाडी करावी लागते.

१८. ब्नाइ ब्रिथ इस्रायलच्या बाजूने राजकारण करते. मग या सन्मानाकडे कसं पाहायचं?

ती संस्था संयुक्त राष्ट्रांत आणि वॉशिंग्टनमध्ये इस्रायलची बाजू उघडपणे मांडते, लपवण्यासारखं त्यात काही नाही. आजच्या धोरणांवर तुमचं मत काहीही असो, मारियान कोन १९४४ मध्ये मेली, इस्रायल देश होण्याच्या चार वर्षं आधी. मी या दोन गोष्टी एकत्र करत नाही. तुम्हाला कराव्याशा वाटल्या तर वाद घालायला माझी हरकत नाही, फक्त तिची गोष्ट आधी पूर्ण ऐका.

१९. आमच्या ओळखीच्या कुटुंबात असा कोणी होता असं ऐकलं आहे. नाव कसं सुचवायचं?

जेरुसलेममधल्या केंद्राकडे अर्ज करता येतो, व्यक्ती हयात असण्याची गरज नाही. मात्र ऐकीव गोष्ट पुरत नाही. वाचलेल्या माणसाची साक्ष सर्वात भक्कम. ती नसेल तर पत्रं, रोजनिशी, छावणीच्या नोंदी, संग्रहालयातल्या ध्वनिमुद्रित मुलाखती. घरात कुणी ऐंशी-नव्वदीचं असेल तर कागदांच्या मागे धावण्याआधी त्यांच्यासमोर फोनचं रेकॉर्डिंग लावून बसा. गावाचं नाव, रस्त्याचं नाव, दार कुणी उघडलं, काय खायला दिलं, हे बारीकसारीक विचारा. पुढे नोंदींशी ताळा घालायला हेच तपशील उपयोगी पडतात, "फार चांगला माणूस होता" याचा काही उपयोग नसतो.

२०. लांबचा प्रवास जमणार नाही, पण युरोपला जातो आहोत. काय पाहावं?

अ‍ॅमस्टरडॅम. ते अध्यापक विद्यालय आता हॉलंडचं राष्ट्रीय होलोकॉस्ट संग्रहालय आहे, मार्च २०२४ मध्ये उघडलं. समोर नाट्यगृहाची जुनी दर्शनी भिंत उभी आहे, आत स्मारक. मधल्या रस्त्यावरून ट्राम अजून जाते. ती येईपर्यंत फुटपाथवर थांबा, आणि ती समोरून जायला किती सेकंद लागतात ते मोजा.